ट्रामच्या पाट्या, बसचे रोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली वीस-बावीस वर्षं मी जुन्या बसच्या आणि ट्रामच्या पाट्या जमवतो. पत्र्याच्या, लाकडाच्या, कापडी रोलच्या. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत त्या मावत नाहीत म्हणून निम्म्या जिन्याखाली आहेत. बघायला येणारी माणसं तेच ते प्रश्न विचारतात, आणि प्रश्न चांगले असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

पुण्यात ट्राम कधी होती का?

नाही. पुण्याच्या रस्त्यावर ट्राम कधीच धावली नाही. "आमचे आजोबा ट्रामने जायचे" असं कुणी सांगितलं तर ते आजोबा नोकरीला मुंबईत होते असं समजावं. पुणेकर टांग्यात बसला, मग सायकलवर आणि मग बसमध्ये. १९४०च्या दशकात सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीच्या बस शहरात धावत. १९५०मध्ये पुणे महानगरपालिका झाली आणि पीएमटी, म्हणजे महापालिकेची बससेवा, हीही त्याच सालची.

मग पुण्यातल्या माणसाने ट्रामच्या पाट्यांचं एवढं मनावर का घ्यावं?

दादर–पुणे एसटीने गेलेल्या कुणालाही विचारा, "कुठे उतरलात?" उत्तर येतं, "दादर टी. टी." माझे वडील हे शब्द आयुष्यभर म्हणत होते, मीही म्हणत होतो. टी. टी. म्हणजे काय, हे मला चाळिशीत कळलं. ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली आणि तिथेच तिचा प्रवास कायमचा संपला. रूळ उखडले, गाड्या भंगारात गेल्या, पण पाटीवरची ती दोन अक्षरं तोंडात राहिली. साठ वर्षं झाली, दादर टी. टी. अजून दादर टी. टी.च आहे.

पाटी लिहिणारा माणूस जागेला नाव देत असतो, कित्येकदा कायमचं. मला यात रस आहे. गाडी ट्राम असो की बस, ते सारखंच.

पाटी, बोर्ड आणि रोल यांत फरक काय?

बोलताना आपण सगळ्यालाच पाटी किंवा बोर्ड म्हणतो, आणि त्यात काही चूक नाही. मी स्वतः फरक करतो तो असा: सुटी काढता-घालता येते ती पाटी. पत्र्याची किंवा लाकडाची, खोबणीत सरकवायची किंवा आकड्याला अडकवायची. गाडीच्या कपाळावरच्या पेटीत, दोन दांड्यांवर गुंडाळलेली लांब कापडी पट्टी म्हणजे रोल. पाटीवर एकच ठिकाण असतं, फार तर मागेपुढे दोन. रोलवर अख्ख्या डेपोची सगळी ठिकाणं असतात.

रोल चालतो कसा?

ड्रायव्हरच्या डोक्यावर, काचेच्या वरच्या बाजूला एक पेटी असते. तिच्यात दोन दांडे आडवे बसवलेले असतात, एक वर आणि एक खाली. कापडाचं एक टोक वरच्या दांड्याला ठोकलेलं, दुसरं खालच्या. हँडल फिरवलं की एका दांड्यावरचं कापड सुटतं आणि दुसऱ्यावर गुंडाळलं जातं, आणि मधल्या काचेत एकेक नाव येऊन पुढे सरकतं. पेटीच्या आत दिवा असतो.

गंमत अशी की हँडल फिरवणाऱ्याला पुढची बाजू दिसतच नाही. तो आतून फिरवतोय, नाव रस्त्याकडे तोंड करून आहे. म्हणून कापडाच्या मागच्या बाजूला, प्रत्येक नावाच्या पाठीशी, तेच नाव किंवा त्याचा क्रमांक बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. पेटीला मागून एक छोटी फट असते, तिच्यातून तो वाचायचा. काही गाड्यांत ठिकाणांची यादी आणि क्रमांक आतल्या पत्र्यावर रंगवलेले असत.

माझ्याकडे मुंबईच्या बसचा एक रोल आहे. जुन्या बाजारात मिळाला, एका रविवारी सकाळी, सतरंज्यांच्या गठ्ठ्यात. विकणाऱ्याला तो ताडपत्रीचा तुकडा वाटला होता. त्यावर ३१ नावं आहेत, एकेका नावाची पट्टी साधारण फूटभर, शिवाय दोन्ही टोकांना दोन-दोन फूट कोरं कापड. म्हणजे ३५ फूट. वाड्याच्या चौकात उलगडला तर भिंतीपासून भिंतीपर्यंत पुरत नाही, शेवटची चार नावं जिन्याच्या पायऱ्यांवर चढवावी लागतात. मागच्या बाजूला निळ्या शाईत क्रमांक आहेत. ९वर कुणीतरी शाईनेच गोल केला आहे, आणि ९च्या पुढच्या बाजूचं नाव बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे विटलेलं आहे. ती गाडी वर्षानुवर्षं त्याच नावाने उन्हात उभी होती.

अक्षरं नेहमी काळ्यावर पांढरी किंवा पिवळी का?

रात्रीसाठी. पाठीमागे दिवा लागतो तेव्हा काळा रंग उजेड अडवतो आणि अक्षरांतून तो बाहेर येतो. काळ्या अक्षरांचा पांढरा रोल केला असता तर सगळी पेटीच लखलखली असती आणि नाव बुडालं असतं. म्हणूनच जुना रोल हातात आला की मी आधी तो खिडकीसमोर धरतो. काळा रंग कुठे कुठे तडकलाय ते टाचणीच्या भोकांसारखं चमकतं. दिवाळीतल्या आकाशकंदिलाचं तत्त्वही वेगळं नाही.

पत्र्याच्या पाटीला दिवा मागून लागत नाही, तेव्हा तिथे हे बंधन नसतं. तिथे पेंटरच्या डब्यात कोणता रंग शिल्लक आहे, हेही ठरवत असे.

ट्रामला दोन्ही टोकांना पाट्या का असत?

कारण बऱ्याच जुन्या ट्राम वळत नसत. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर आपलं हँडल काढून घेई आणि चालत दुसऱ्या टोकाला जाई. छतावरचा तारेला टेकणारा दांडा दोरीने ओढून उलटा करायचा, बाकांच्या पाठी पलीकडे ढकलायच्या, आणि मागचं टोक पुढचं झालं. मग पाटीही दोन्हीकडची बदलावी लागे. एका बाजूची बदलायची राहिली की रस्त्यावरच्या माणसाची पंचाईत: गाडी पुढून एक सांगते, मागून दुसरं.

सगळीकडे असं नव्हतं. कोलकात्याची ट्राम शेवटच्या थांब्यावर गोल वळसा घेऊन परत येते. अमेरिकेतल्या पीसीसी नावाच्या ट्रामही बहुतांश एका तोंडाच्याच. बसला तर हा प्रश्नच नाही, म्हणून बसची मागची पाटी नेहमी लहान किंवा नुसत्या नंबराची.

मुंबईच्या ट्रामबद्दल थोडक्यात सांगाल?

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीला एक मार्ग आणि बोरीबंदरहून पायधुणीला दुसरा. विजेची ट्राम आली ७ मे १९०७ला. १९२०मध्ये दुमजली ट्राम आल्या. शहराची पहिली बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, १५ जुलै १९२६. १९४७च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी सगळा कारभार महापालिकेकडे आला. १९६४चा शेवट वर सांगितलाच. मधल्या काळात, १९६२पासून १९७१पर्यंत, मुंबईत ट्रॉलीबसही होती: वर ट्रामसारखी तार, खाली बससारखी रबरी चाकं. ती आठवणारी माणसं आता फार थोडी राहिली आहेत. घरात कुणी असतील तर बसून ऐकून घ्या.

आणि नाशिकची?

नाशिकला १८८९मध्ये ट्राम झाली. गाव ते नाशिकरोड स्टेशन, अरुंद रूळ आणि ओढायला घोडे. स्टेशन गावापासून लांब पडत होतं, यात्रेकरूंची गर्दी होती, म्हणून ती झाली. तिचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी करणारे तेच. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. तिची एकही पाटी मी आजवर पाहिलेली नाही. नाशिककर वाचकांच्या माळ्यावर एखादी असेल तर ती पुसू नका, रंगवू नका. आधी नुसता फोटो काढा.

पीएमटीच्या पाट्यांत विशेष काय?

इथे मी जरा थांबणार आहे, कारण या आपल्या आहेत.

पीएमटीच्या ज्या पाट्या माझ्याकडे आहेत त्या सगळ्या हाताने रंगवलेल्या. पत्रा ठरलेल्या मापाचा, नाव मात्र केवढंही. 'डेक्कन' सुखाने बसतं. 'स्वारगेट' बसतं. 'वारजे माळवाडी' आलं की पेंटरचा कस लागतो. आधी खडूच्या सुताने वर-खाली दोन रेघा मारायच्या, मग शिरोरेघ एका हातात ओढायची आणि अक्षरं खाली सोडायची. माझ्याकडच्या 'वारजे माळवाडी'त पहिली तीन अक्षरं ऐसपैस आहेत आणि शेवटचं 'वाडी' अंग चोरून उभं आहे. ती वेलांटी पाटीच्या कडेला अक्षरशः टेकली आहे. तिथे ब्रश किंचित वर वळवून त्याने ती आत घेतली. मी ती पाटी कितीदा हातात घेतली असेल, दर वेळी नजर त्या वळणावर जाते.

जागा पुरत नाही म्हणून आखूड रूपं जन्माला आली, आणि ती आखूड रूपंच मग ठिकाणांची नावं झाली. 'न. ता. वाडी' घ्या. नरवीर तानाजी वाडी. शिवाजीनगरच्या बाजूला रोज जाणाऱ्या शंभर जणांना विचारलंत तर न. ता. म्हणजे काय हे किती जण सांगतील? 'म. न. पा.' हेही तसंच: महानगरपालिका ही संस्था, पण पुण्यात मनपा हे बसला जायचं ठिकाण आहे. "मनपाला उतरतो" असं आपण म्हणतो. 'अप्पर'ला तर मागचं-पुढचं काहीच लागत नाही, अप्पर म्हटलं की बिबवेवाडीच्या वरचं अप्पर इंदिरानगर. बाहेरगावच्या पाहुण्याला हे कळत नाही. तो 'अप्पर' वाचून वरच्या मजल्याचा विचार करतो.

आणि जे पाटीवर मावत नव्हतं ते कंडक्टर तोंडाने भरून काढायचा. दारात उभं राहून "लकडी पूल, अलका, टिळक रोड, स्वारगेऽऽट". पुलाचं नाव संभाजी पूल आहे हे त्यालाही माहीत असे. पण घाईत चढणाऱ्या आजींना लकडी पूलच कळायचा.

एसटीच्या पाट्या या संग्रहात येतात का?

येतात. पुण्याला त्यांना वगळून कसं चालेल? राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहूनच निघाली, अहमदनगरला. बेडफर्ड गाडी, लाकडी बॉडी, तीस आसनं. पुढे एसटीच्या बॉड्या दापोडीच्या कार्यशाळेत बांधल्या जाऊ लागल्या, म्हणजे तीही आपल्याच उंबऱ्यात.

एसटीची पाटी पत्र्याची आणि सुटी. पुढच्या काचेपाशी एक, दाराजवळ एक. मधल्या गावांची नावं बारीक, टोकाचं मोठं. मी लहानपणी स्वारगेटला उभा राहून फक्त मधली गावं वाचायचो. 'पुणे – महाबळेश्वर' एवढ्याने काही वाटत नसे; 'भोर, मांढरदेवी' वाचलं की घाट दिसायला लागायचा.

पाटी कोणत्या काळातली, हे कसं ओळखायचं?

नावं बघा. कुणी तारीख लिहून ठेवत नाही, पण नावं बदलतात आणि ती बदलल्याची साल ठाऊक असतात. इंग्रजी ओळीत जुनं 'पूना' असेल तर पाटी बहुधा १९७८च्या आधीची, कारण त्या वर्षी अधिकृत इंग्रजी नाव बदलून 'पुणे' झालं. मुंबईच्या रोलवर 'हुतात्मा चौक' असेल तर तो १९६०च्या अलीकडचा, फ्लोरा फाउंटनला ते नाव त्यानंतर मिळालं. 'व्ही. टी.' असेल तर १९९६च्या आधीचा असण्याची शक्यता जास्त. 'बहुधा' आणि 'शक्यता' हे शब्द मी मुद्दाम वापरतोय: जुनी पाटी झिजेपर्यंत वापरायची आपली रीत आहे, नाव बदललं म्हणून दुसऱ्या दिवशी पत्रा फेकत नाहीत.

मग संस्थेचं नाव. 'पीएमटी' असेल तर १९५० ते २००७. 'पीसीएमटी', म्हणजे पिंपरी-चिंचवडची बससेवा, असेल तर १९७४ ते २००७. १९ ऑक्टोबर २००७ला दोन्ही मिळून पीएमपीएमएल झाली.

मग अक्षराचं वळण. हा माझा आवडता पुरावा. हाताने रंगवणारा मराठी पेंटर 'ल' पाकळीचा काढतो आणि 'श' देठाचा. संगणकावर अक्षरं कापून स्टिकर चिकटवायचे दिवस आले तेव्हा फॉन्टमधून हिंदी वळणाचा दंडाचा 'ल' आणि वेगळा 'श' आपल्या पाट्यांवर येऊन बसला. २००९मध्ये राज्य शासनाने मराठी वर्णमालेचा निर्णय काढून पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श'च वापरावा असं सांगितलं. तोवर बराच पत्रा छापून झाला होता.

एक सापळा सांगून ठेवतो. 'म. फुले मंडई' अशी पाटी मिळाली की पुणेकराचा ऊर भरून येतो. पण मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचंही नाव महात्मा फुले मंडईच आहे. कापडी रोलवर असेल तर ती मुंबईची समजा. हाताने रंगवलेल्या पत्र्यावर असेल तर आशा धरायला हरकत नाही.

खरा रोल आणि सजावटीसाठी छापलेली नक्कल यांत फरक कसा कळेल?

नक्कल छान असते, म्हणूनच ओळखू येते. तिच्यावर सगळी प्रसिद्ध ठिकाणं असतात, एकाखाली एक, सारख्या अंतरावर, आणि चौकटीत बरोबर मावतील एवढीच. खऱ्या रोलवर तुम्ही कधी न ऐकलेली नावं असतात. डेपो असतो, कारखान्याचं गेट असतं, शाळेची खास गाडी असते, 'राखीव' असतं. एखादं नाव दोनदा असतं, कारण ते सारखं लागायचं आणि पस्तीस फूट हँडल मारत कोण बसणार?

मागची बाजू बघा. क्रमांक, शाई, तेलाचे बोटांचे ठसे. कडा बघा: दांड्यावर घासून त्या मऊ झालेल्या असतात, सुतं सुटलेली असतात. जोड बघा. नवा थांबा झाला की नवी पट्टी शिवून किंवा चिकटवून मध्ये घातली जायची, तिचा काळा रंग बाकीच्यांपेक्षा जास्त काळा असतो. वास घ्या. हे विचित्र वाटेल, पण जुन्या रोलला धूळ, डिझेल आणि तेलरंग यांचा मिळून एक वास असतो आणि तो नव्या कापडाला आणता येत नाही.

परदेशी रोल जुने असतील तर लिनन किंवा सुती कापडाचे, नंतरचे टायव्हेकचे किंवा मायलरचे. म्हणजे प्लास्टिक दिसलं म्हणून लगेच नक्कल ठरवू नका.

एवढा लांब रोल घरात लावता येत नाही. कापून आवडीची नावं फ्रेम केली तर चालेल का?

कृपा करून नका.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. व्यापारीही कापतात, कारण एका रोलचे दहा तुकडे दहा गिऱ्हाइकांना जातात. पण रोलवरचा क्रम हा काही वर्णमालेचा क्रम नसतो. डेपोतल्या कुणीतरी बसून ठरवलेलं असतं की कुठल्या ठिकाणानंतर कुठलं लागेल, म्हणजे हँडल कमी फिरवावं लागेल. माझ्या रोलवर माहीमच्या शेजारी वरळी डेपो आहे आणि त्याच्या शेजारी म्युझियम. तीन नावं, आणि एका गाडीचा अख्खा दिवस त्यात आहे: सकाळी डेपोतून निघाली, दिवसभर दोन टोकांमध्ये फिरली, रात्री परत डेपोत. हा क्रम कुठल्याही वेळापत्रकात छापलेला मला सापडला नाही. तो फक्त त्या कापडावर आहे. कात्री लावली की तो गेला आणि हातात तीन सुटी नावं उरली, जी कुठल्याही नकाशात आहेतच.

लावायचाच असेल तर दोन दांडे करून घ्या. सुताराला सांगा, तो तासाभरात करून देईल. वर एक, खाली एक, मध्ये तुम्हाला हवी तेवढी उंची मोकळी. आज एक नाव, पुढच्या महिन्यात दुसरं. आमच्या बाहेरच्या खोलीत तसंच आहे. दसऱ्याला मुलगी हँडल फिरवते.

पत्र्याची पाटी स्वच्छ कशी करायची?

सुरुवातीच्या काळात मी एक पाटी कपड्याच्या साबणाने आणि काथ्याने घासली. वर 'कात्रज' होतं. घासता घासता 'कात्रज'खालून दुसरं अक्षर डोकावलं, 'ह'. मला वाटलं, खाली 'हडपसर' आहे, ते बाहेर काढू. आणखी घासलं. 'कात्रज' गेलं, आणि 'हडपसर'ही गेलं, कारण तो थर आधीच भुसभुशीत झालेला होता. दहा मिनिटांत दोन पाट्या गेल्या. तो पत्रा मी अजून ठेवलाय.

तेव्हापासून: आधी कोरडा मऊ ब्रश, फक्त धुळीसाठी. मग शुद्ध पाण्यात जेमतेम ओलावलेला कापूस, तोही आधी एका कोपऱ्यात लावून बघायचा. कापसावर रंग आला की थांबायचं. थिनर, टर्पेंटाइन, चिंच, राख, लिंबू, काहीही नाही. गंज असेल तिथे कोरडाच हलका हात. खालचं जुनं नाव वाचायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत पाटी आडवी ठेवा आणि बॅटरी अगदी कडेने, तिरपी धरा. रंगाच्या थरांची उंची-सखलता उजेडात दिसते आणि खालचं अक्षर न घासता वाचता येतं.

एक महत्त्वाचं. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं, विशेषतः पिवळ्या आणि लाल रंगांत. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१७पासून. तेव्हा जुनी पाटी पॉलिश पेपरने घासू नका, ती धूळ श्वासात जाऊ देऊ नका, लहान मुलांना खेळायला देऊ नका, आणि हात धुवा.

रोल पावसाळ्यात कसा जपायचा?

घडी कधीच घालायची नाही. घडीवर रंग तडकतो आणि ती रेघ कायमची राहते. जाड पुठ्ठ्याच्या किंवा पीव्हीसीच्या नळीवर, रंगीत बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळायचा, मध्ये पातळ पांढरं कापड. वर धुतलेल्या मांजरपाटाची खोळ. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो आणि बुरशी येते. पुण्याचा जुलै-ऑगस्ट म्हणजे कसरीचे दिवस, म्हणून गणपती झाले की एकदा सगळं बाहेर काढून सावलीत वारा द्यायचा. उन्हात नाही.

परदेशात या पाट्यांचं एवढं वेड का आहे?

कारण तिथे गाड्याही जपल्या गेल्या. पीसीसी ही गाडी अमेरिकेतल्या ट्राम कंपन्यांच्या अध्यक्षांनी समिती नेमून तयार करवून घेतली, १९३६मध्ये ती रस्त्यावर आली, आणि सॅन फ्रान्सिस्कोत तशा गाड्या आजही रोजच्या प्रवाशांना घेऊन धावतात, वेगवेगळ्या शहरांच्या जुन्या रंगांत रंगवलेल्या. मेलबर्नच्या डब्ल्यू वर्गाच्या ट्रामही अशाच लोकांच्या जिवाभावाच्या. गाडी डोळ्यांसमोर असली की तिच्या पाटीची किंमत लोकांना सांगावी लागत नाही.

इकडे कुठे बघायला मिळेल?

मुंबईत आणिक डेपोत बेस्टचं संग्रहालय आहे, तिथे नक्की जा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या भाटिया बागेत एक ट्राम ठेवली आहे. ती मूळची कोलकात्याची आहे, मुंबईची समजू नका. कोलकात्यात एस्प्लनेडला ट्रामच्याच डब्यात 'स्मरणिका' नावाचं संग्रहालय आहे. कोलकात्याची ट्राम १८७३ची, पण २०२४मध्ये सरकारने मैदानाजवळचा एक छोटा मार्ग सोडून बाकी बंद करण्याचं जाहीर केलं, तेव्हा जायचं तर उशीर करू नका. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. पाट्या नाहीत, पण रुळांवरची वाहनं कशी चालतात हे मुलांना तिथल्याइतकं चांगलं कुठे समजत नाही.

डेपोतून किंवा भंगारातून पाटी घेणं योग्य आहे का?

लिलावात निघालेल्या भंगारातून, पावती घेऊन, होय. चालू गाडीची काढून आणलेली, कधीही नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. तिची दुसऱ्या दिवशी कुणालातरी गरज आहे. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू असेल तर १९७२चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो, ती परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. घोड्यांच्या ट्रामच्या काळातलं काही हाती लागलं तर हे लक्षात असू द्या.

माझ्याकडच्या पाटीची किंमत किती येईल?

मी किंमत सांगत नाही. काय आहे, कुठली आहे, कशी जपावी, हे मन लावून सांगेन.

नव्या एलईडी पाट्यांचा फोटो नीट का येत नाही?

त्या पाटीतले सगळे दिवे एका वेळी पेटलेले नसतात. ओळींमागून ओळी इतक्या झपाट्याने पेटतात-विझतात की आपल्या डोळ्याला अखंड अक्षर दिसतं, पण कॅमेरा तेवढा क्षणच पकडतो आणि 'निगडी'चं अर्धं 'निगडी' येतं. शटरचा वेळ वाढवा, १/३०च्या आसपास, आणि गाडी उभी असताना काढा. फोटो जरूर काढा, कारण ती पाटी घरी आणून ठेवता येणार नाही. डेपोत एक बटण दाबलं की तिच्यावरचं नाव गेलेलं असेल.

रोलच्या शेवटी कोरं कापड का सोडलेलं असतं?

दोन कारणांनी. एक तर शेवटचं नाव काचेत आलं तरी दांड्यावर दोन-तीन वेढे शिल्लक लागतात, नाहीतर कापड दांड्यावरून उपटून येईल. आणि दुसरं, नवी नावं तिथे वाढवायची असतात. माझ्या रोलला खालच्या टोकाचं कापड दोन फूट कोरं आहे. त्याच्या मागच्या बाजूला निळ्या शाईत ३२ हा आकडा आधीच घालून ठेवलेला आहे. पुढे नाव नाही.